बेटावरचं रिसॉर्ट: पैसे भरण्याआधी आणि पाण्यात उतरण्याआधी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. कोकण गाठायचं तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो आणि पूर्वेचा किनाराही सहाशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. त्यामुळे आपल्याकडचं कुटुंब समुद्राकाठी राहायला निघतं ते बहुधा मोठं निमित्त धरूनच. कुणाचं नवं लग्न झालेलं असतं, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणी शाळेतून निवृत्त झालेलं असतं, तर कधी मुलाला नोकरी लागलेली असते आणि पहिल्या पगारातून आईवडिलांना विमानात बसवायचं त्यानं ठरवलेलं असतं. अशा निमित्तांसाठी आता महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्याऐवजी अंदमानचं नाव निघतं. हात थोडा सैल असेल तर मालदीवचं.

अशा सहलीवर वर्षभराची शिल्लक खर्च होते, आणि तरीही परतलेली माणसं अनेकदा नाराज असतात. खोली वाईट होती असं त्यातले थोडेच म्हणतात. बाकीच्यांची तक्रार ऐकली की लक्षात येतं, रिसॉर्ट त्यांनी थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलासारखं बुक केलं होतं. किती रात्री, किती पॉइंट, नाश्ता धरून की वगळून, एवढंच विचारलं होतं. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पैसे कशाचे लागतात, तर दारातल्या समुद्राचे. तेव्हा तो समुद्र कोणत्या महिन्यात कसा असतो, खोलीसमोर दिवसातून किती तास पाणी असतं, त्यात उतरता येतं का, आणि त्याच्याकडे नुसतं बघत बसायला आपल्याजवळ रिकामे दिवस आहेत का, हे आधी ठरवावं. खोलीचा प्रकार आणि पलंगाची रुंदी नंतर बघता येते.

सुरुवात महिन्यापासून करू. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मेचा शेवट आणि जूनचे पहिले तीन आठवडे आपल्याला मोकळे वाटतात, आणि नेमके त्याच दिवसांत बेटावरच्या रिसॉर्टचे दर उतरलेले दिसतात. ते उगाच उतरत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानातच पोहोचतो, साधारण 22 मेच्या सुमारास. आपल्याकडे 44-45 अंशांत अंग भाजत असतं तेव्हा तिथे धो धो पाऊस, खवळलेला समुद्र आणि रद्द झालेल्या बोटी असतात. पाऊस बघत व्हरांड्यात बसायला आवडत असेल तर जरूर जा. पण मुलांना पाण्यात खेळवायचं असेल, समुद्राखालचं प्रवाळ बघायचं असेल, तर मेअखेर ते सप्टेंबर टाळा.

मुलांची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये निघता आलं तर फार चांगलं. समुद्र तेव्हा बराच शांत असतो. शेतकरी कुटुंबांना कापूस विकून हातात पैसा येतो तो हिवाळ्यात, आणि जानेवारी-फेब्रुवारी तिथे उत्तमच असतात. मात्र 20 डिसेंबर ते 5 जानेवारी या पंधरवड्यात दर कुठल्या कुठे जातात. शिवाय 24 आणि 31 डिसेंबरच्या रात्रीचं खास जेवण बरीच रिसॉर्ट सक्तीचं करतात आणि त्याचे माणशी पैसे वेगळे लावतात. मकरसंक्रांत झाली की तीच खोली बऱ्याच कमी पैशांत मिळते.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने आहेत, हेही ध्यानात ठेवा. डिसेंबर 2016 मध्ये अशाच वादळी हवामानात हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. असं दरवर्षी होत नाही. पण एखाद्या दिवसाच्या बोटी रद्द होणं तिथे नवलाचं नाही. म्हणून बेटावरून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस कधीही एकच ठेवू नका. मध्ये एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. टूरवाला हा दिवस काटून पैसे वाचवून देतो म्हणाला तरी ऐकू नका.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून एवढं सांगतो. हॅवलॉकचं नाव डिसेंबर 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम. बुकिंगच्या साइटवर, बोटीच्या तिकिटावर आणि लोकांच्या तोंडी जुनी-नवी दोन्ही नावं सापडतात. ठिकाणं तीच आहेत.

जाण्याचा रस्ता आपल्याला नागपूरहून सोयीचा. तिथून चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळुरूला विमान बदलून पोर्ट ब्लेअर. पुसद, उमरखेड, पांढरकवड्याकडच्यांनी थेट हैदराबाद गाठण्याचाही हिशेब करून बघावा. दोन्ही विमानं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढली तर तो भुर्दंड तुमचा.

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला बोटीनंच जावं लागतं. खासगी कंपन्यांच्या जलद बोटी दीड-दोन तासांत नेतात, सरकारी बोटीला थोडा जास्त वेळ लागतो. शेवटच्या बोटी दुपारीच सुटतात, त्यामुळे विमानातून उतरून त्याच दिवशी बेटावर पोहोचण्याची घाई नको. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला राहा आणि संध्याकाळ सेल्युलर जेलला द्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 पासून दहा वर्षं इथे होते. मराठी माणूस तिथे जातोच, पण बहुतेक जण सावरकरांच्या कोठडीपुढे फोटो काढून परततात. तिथल्या फलकांवरची बंगाल आणि पंजाबच्या क्रांतिकारकांची नावंही सावकाश वाचावीत अशी आहेत.

आपल्यातल्या ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागणारच असं धरून चाला. उलटीची गोळी बोट सुटल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, आणि कोणती घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना गावातच विचारून ठेवायचं. पोट अगदी रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. बसायला बोटीचा मधला भाग निवडा, तिथे हेलकावा कमी असतो. मोबाइलमध्ये डोकं घालण्यापेक्षा खिडकीतून दूर क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटतं.

घड्याळाचाही एक फरक आहे. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की तिथे सूर्य यवतमाळच्या जवळपास तासभर आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो, घड्याळ मात्र एकच. मे महिन्यात पाचच्या आत उजाडतं. डिसेंबरात संध्याकाळी सव्वापाचला अंधारायला लागतं. सुट्टी आहे म्हणून आठपर्यंत झोपलात, दहापर्यंत नाश्ता केलात, तर दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग निघून गेलेला असतो आणि डोक्यावर ऊन आलेलं असतं. बेटावर नऊला झोपा, पाचला उठा. शेतावर राहणाऱ्याला हे जड जाणार नाही.

आता रिसॉर्टच्या जागेविषयी, कारण नाराजीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

स्वराज द्वीपवरची बरीच रिसॉर्ट पूर्व किनाऱ्याला, गोविंदनगर आणि विजयनगर या भागांत आहेत. पश्चिमेला राधानगरचा मोठा किनारा आहे. 'टाइम' साप्ताहिकानं 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेला तो हाच, आणि 2020 मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. फोटोत दोन्ही बाजू सारख्याच निळ्या दिसतात. प्रत्यक्षात पूर्व किनारा उथळ आणि खडकाळ आहे. ओहोटीला तिथलं पाणी दूर मागे सरतं. सकाळी मुलं टॉवेल खांद्यावर टाकून धावत खाली येतात आणि समोर पाणीच नसतं. लांबवर मेलेल्या प्रवाळाचे करडे तुकडे, शेवाळलेले खडक, मध्ये मध्ये साचलेली डबकी. त्या डबक्यांत वाकून बघितलं तर बोटभर मासे फिरत असतात, काळी समुद्रकाकडी गप्प पडलेली असते आणि शंख पाठीवर घेऊन खेकडे चालत असतात. थांबून बघणाऱ्याला तिथे दोन तास कसे गेले कळणार नाही. मात्र पायांत जाड तळव्याचे बूट हवेत आणि प्रवाळावर पाय पडता कामा नये. पण ज्यानं खोलीतून उतरून थेट पोहायचं म्हणून जास्तीचे पैसे मोजले, त्याचा विरस होतो. राधानगरला तळाशी मऊ वाळू असल्यानं ओहोटीतही पाण्यात उतरता येतं.

तेव्हा रिसॉर्टला पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या तारखांना भरती किती वाजता आहे, आणि ओहोटीला तुमच्या किनाऱ्यावर पोहता येतं का? 'बीच फ्रंट' या शब्दांत याचं उत्तर नसतं. चांगला मॅनेजर खरं सांगतो आणि गाडीनं राधानगरला नेण्याची सोयही सांगतो. जो 'सर, बीच एकदम समोर आहे' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, तिथे सावध व्हा.

भरती-ओहोटीचा अंदाज घरच्या कॅलेंडरवरूनही बांधता येतो. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि रोज ती साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला कोकणात भांग म्हणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब कोकण किनाऱ्याचा. तारकर्ली-गुहागरला तो चालतो, अंदमानला लावू नका. तिथली वेळ रिसॉर्टलाच विचारा. सहलीच्या तारखा आपल्या हातात असतील तर अष्टमीच्या मागेपुढे पूर्व किनाऱ्यावरचं रिसॉर्टही पोहायला बरं पडतं. उलट, अंधाऱ्या रात्री पाण्यात हात फिरवला की सूक्ष्म जिवांचा निळसर प्रकाश उमटतो, तो बघण्यासाठी जायचं असेल तर अमावस्येजवळचे दिवस धरा. पौर्णिमेच्या चांदण्यात तो दिसत नाही.

आता पैशांचं. 'सगळं धरून आहे' असं फोनवर कुणी म्हणालं तर त्याला विचारा, सगळं म्हणजे काय ते ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. दिवसाला 7500 रुपयांच्या वर भाडं असलेल्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो. चार रात्रींचं बिल मोठं असलं की ही रक्कम डोळ्यांत भरते, म्हणून दर करासह आहे की कराशिवाय ते आधी ठरवा. जेटीवरून आणायला-सोडायला गाडी त्यात आहे का? मुलांचे पैसे कितव्या वर्षापासून? जादा गादी म्हणजे खरा पलंग की जमिनीवरची गादी? बोट रद्द होऊन आम्ही एक दिवस उशिरा पोहोचलो तर त्या रात्रीचे पैसे परत मिळतात, की तारीख पुढे सरकते, की बुडतात? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. बेटावर तोच सगळ्यात महत्त्वाचा. जेवणाच्या बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच तसे निर्देश दिलेत. वेटरला खुशीनं काही द्यायचं ते वेगळं, आणि ते जरूर द्यावं.

पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचायची एक रीत आहे. पाच तारे आणि एक तारा देणारे दोघेही बाजूला ठेवा. तीन-चार तारे देणाऱ्यांचं वाचा, कारण ते काय आवडलं आणि काय खटकलं दोन्ही लिहितात. प्रत्येक अभिप्रायाचा महिना बघा. ऑगस्टमध्ये गेलेल्याला समुद्र गढूळ दिसला हा रिसॉर्टचा दोष नव्हे. लिहिणारा कोण आहे तेही बघा. नवविवाहित जोडप्याला जी शांतता आवडली, तीच दोन मुलांच्या आईबापांना कंटाळवाणी वाटू शकते. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या माणसांनी केली असेल, म्हणजे गरम पाणी येत नाही, खोलीत ओल आहे, संध्याकाळी वीज जाते, तर ती खरी धरा. रिसॉर्टनं स्वतः टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो बघा आणि नकाशावर उपग्रहाच्या चित्रात खोल्यांपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

घरात वडीलधारी माणसं असतील तर हे अंतर फार महत्त्वाचं ठरतं. राधानगरला 2018 मध्ये सुरू झालेलं ताजचं रिसॉर्ट 46 एकरांत पसरलं आहे, आणि 46 एकर म्हणजे किती चालणं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अशा ठिकाणी बॅटरीवरच्या गाड्या असतात, पण बोलावल्यावर त्या यायला वेळ लागतो. काही रिसॉर्टच्या व्हिला खांबांवर उभ्या असतात, म्हणजे दर वेळी पायऱ्या आल्या. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी रेस्टॉरंटजवळची, पायऱ्या नसलेली खोली मागा, मग समोर बाग असली तरी चालेल. ती खोली स्वस्त असते आणि आईला रोज जास्त वेळा समुद्राकाठी आणता येतं. वाळूत चालताना म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. ओली, घट्ट वाळू असते त्या पट्ट्यातून हात धरून न्या, लाटेच्या टोकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून द्या. सत्तरीत पहिल्यांदा समुद्र बघणारी आजी आधी पाऊल मागे घेते, मग लुगडं घोट्यावर उचलून पुन्हा पुढे होते आणि मग उठायलाच तयार नसते. त्या वेळी पुढच्या पॉइंटची गाडी वाट बघतेय म्हणून तिला उठवू नका. म्हणून सांगतो, रिसॉर्टमध्ये निदान तीन रात्री राहा आणि त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळी फार करतात. मोठ्या रिसॉर्टच्या बुफेत वरण-भात, पोळी, दोन भाज्या, दही हे सहज मिळतं. आधी सांगून ठेवलं तर कांदा-लसूण वगळूनही करून देतात. पदार्थांवरच्या पाट्या वाचा, आणि शंका आली तर उभ्या असलेल्या माणसाला हिंदीत सरळ विचारा, 'इसमें मछली या अंडा है क्या?' तिथल्या सूपमध्ये मासळीचा अर्क असू शकतो. तिखटाची सवय असलेल्या वऱ्हाडी जिभेला दोन दिवसांत ते जेवण मिळमिळीत वाटू लागतं, तेव्हा जवसाची चटणी आणि कोरडा ठेचा डब्यात न्यावा. मासे खाणाऱ्यांनी एक दुपार रिसॉर्टबाहेर काढावी. स्वराज द्वीपवरची गावं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवली, राधानगर, गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर ही नावं त्यांचीच. त्यांच्या छोट्या खानावळीतली भात-माशाची थाळी ताजी असते आणि रिसॉर्टच्या एका सूपच्या पैशांत घरच्यांचं जेवण होतं.

आता पाण्याविषयी. हे नीट वाचा, आणि घरातल्या तरुण मुलांना वाचून दाखवा.

आपल्याकडची पोरं विहिरीत, निळोण्याच्या धरणावर, पैनगंगेत पोहायला शिकतात. अंगात ताकद असते आणि आपल्याला पोहता येतं याची खात्री असते. समुद्रात ही खात्रीच घात करते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला एक वाट शोधतं आणि त्या अरुंद पट्ट्यातून ते जोरानं आत ओढलं जातं. त्याला रिप करंट म्हणतात. काठावरून बघितलं तर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि तो तिथेच उतरतो. ओढ लागली की माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, प्रवाहाशी झगडतो आणि दमून बुडतो. पट्टीचे पोहणारेही असेच बुडतात.

अशा वेळी किनाऱ्याकडे यायची धडपड करू नका. हा प्रवाह खाली खेचत नाही, आत नेतो. पाठीवर तरंगत राहा, एक हात उंच करून हलवा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, उजवीकडे किंवा डावीकडे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, आणि मग लाटांबरोबर तिरपे काठाला लागा. दुसरा कुणी ओढला जाताना दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. तरंगणारं काहीही, रिकामा कॅन, बॉल, लाइफ जॅकेट, त्याच्याकडे फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो हे रिसॉर्टला विचारा आणि त्या वेळेबाहेर मुलांना पाण्यात सोडू नका. पोटात दारू असेल तर कमरेपर्यंतच्या पाण्यातही जाऊ नये. जीन्स, सुती सलवार, साडी भिजली की जड होऊन पायांना गुंडाळते. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख दारव्हा-दिग्रसला नाही मिळाला तर यवतमाळला मिळतो, पूर्ण बाह्यांचाही मिळतो, आणि रिसॉर्टच्या तरण तलावातही त्याशिवाय उतरू देत नाहीत. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं फक्त त्यांच्याकडे बघायचं, फोटो दुसऱ्यानं काढायचे.

अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते. 2010 मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्ह या सुंदर खाडीत मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला. मगरीचा इशारा देणारा बोर्ड दिसला की पाणी कितीही नितळ असो, मागे फिरा. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका.

प्रवाळ बघण्यासाठी पोहता येण्याची गरज नाही, हे मात्र आनंदानं सांगतो. स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून, रबरी ट्यूब धरून, मार्गदर्शकाबरोबर पाण्यावर तरंगत खाली बघता येतं. आधी काठावर कमरेएवढ्या पाण्यात नळीतून तोंडानं श्वास घ्यायचा पाच मिनिटं सराव करा. मिशा असलेल्यांचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही आणि नाकात पाणी शिरतं, तेव्हा नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावा. सगळं प्रवाळ फोटोसारखं रंगीत दिसेल अशी अपेक्षा मात्र नको. 2010 मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं आणि नंतरही असे फटके बसले आहेत.

स्कूबा डायव्हिंगही प्रशिक्षकाबरोबर न पोहणाऱ्याला करता येतं, दहा वर्षांवरच्या मुलांनाही. त्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, हे लपवू नका. आलो आहोत तर करूनच जाऊ म्हणून खोटं लिहिणारे जिवाशी खेळतात. सर्दी असेल तरी उतरू नका, कानाच्या पडद्यावर दाब येतो. डायव्ह केल्यावर 18 ते 24 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून हा कार्यक्रम सुरुवातीच्या दिवसांत ठेवा.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी. सकाळ-संध्याकाळ वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावतात आणि ती खाज आठवडाभर जात नाही. पोटऱ्यांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, ओल्या वाळूत नुसत्या अंगानं लोळू नका. ऊन आपल्यापेक्षा कमी वाटलं तरी पाण्यावरून परतणारी किरणं कातडी भाजतात. रोजची औषधं पुरेशी बरोबर घ्या, बेटावर प्राथमिक उपचार होतात, पण मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. एटीएम मोजके आहेत आणि नेटवर्क जातं, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या, आणि तिकिटं, बुकिंग हे सगळं कागदावर छापून घ्या.

मालदीवला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर 30 दिवसांचा पर्यटन व्हिसा फुकट मिळतो. एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, त्यामुळे बाहेर जाऊन स्वस्तात जेवण्याची वाट नसते, तिन्ही त्रिकाळचं जेवण धरूनच दर घ्या. दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 17 टक्के कर वेगळा समजा. शिवाय मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री 12 डॉलर हरित कर. माले विमानतळावरून रिसॉर्टपर्यंतच्या बोटीचे किंवा समुद्री विमानाचे पैसेही जबर असतात, आणि ते विमान फक्त दिवसाउजेडी उडतं. आपल्या बायकांना आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे तिथे पूजेची मूर्ती नेता येत नाही. बॅगेतला बाळकृष्ण किंवा छोटा गणपती घरीच ठेवून जा. दारूची बाटलीही नेता येत नाही.

अंदमानात बाराटांगच्या गुहा दाखवायला टूरवाले जारवा या आदिवासींच्या जंगलातून नेतात. वाटेत जारवा दिसले तर फोटो काढणं, खाऊ फेकणं, गाडी थांबवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. आपल्या झरी-मारेगावात कोलामांच्या पोडावर कुणी गाडीच्या काचेतून बिस्किटं फेकली तर आपल्याला कसं वाटेल? 'जारवा दाखवतो' असं जो म्हणेल त्या टूरवाल्याकडून सहलच घेऊ नका.

किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला असला तरी, बॅगेत टाकू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर तपासणी होते. शंखशिंपल्याच्या वस्तू परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा. पोरांनी खिशात शंख भरले असतील तर निघण्याआधी ते किनाऱ्यावर परत ठेवायला लावा, त्यातल्या एखाद्यात खेकडा जिवंत असतो.

कबूल केलेली खोली मिळाली नाही, ठरलेल्या सोयी दिल्या नाहीत, तर तिथेच मॅनेजरला लेखी कळवा आणि खोलीचे फोटो, व्हिडिओ तारखेसह काढून ठेवा. तोंडी भांडणाचा पुढे पुरावा होत नाही. परत आल्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेवढ्यानं भागलं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात दावा दाखल करता येतो, म्हणजे रिसॉर्ट अंदमानात आणि टूर कंपनी मुंबईत असली तरी दावा यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालू शकतो. त्यासाठी पैसे भरल्याच्या पावत्या आणि बुकिंगआधी लेखी मागून घेतलेली सगळी उत्तरं जपून ठेवा.